मुक्त म्हणजे मोकाट नव्हे

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोल्हारला बाहेरच्या माणसाची मदत घेण्याचे वावडे नाही. शेजारच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र आणून सहकारी साखर कारखाना उभारला आणि अध्यक्षपद दिले पुण्याचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना. पहिला गळीत हंगाम १९५०-५१चा. मुक्त सॉफ्टवेअरमध्येही, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणीही पाहू, बदलू आणि वाटू शकतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, बाहेरच्यांच्या मदतीने काम चालते, पण त्याबद्दल व्यापारी आणि संस्थाचालकांच्या मनात काही चुकीच्या कल्पना असतात.

गैरसमज : मुक्त म्हणजे फुकट, त्यात धंदा कसला?
वस्तुस्थिती : मुंबईच्या ‘फ्रॅपे’ कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे हिशेब, साठा आणि विक्री सांभाळणारे सॉफ्टवेअर कोणीही उतरवून वापरू शकतो. कंपनी कमावते ती ते आपल्या सर्व्हरवर चालवून देण्यातून आणि ग्राहकाला मदत पुरवण्यातून. परवान्याची अट मात्र आहे : बदललेली प्रत दुसऱ्याला दिली, तर तिचा मूळ कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. आपल्याच कचेरीत वापरली तर ही अट लागू होत नाही.

गैरसमज : कोणीही येतो आणि काहीही बदलतो.
वस्तुस्थिती : स्वतःच्या प्रतीत हवे ते करा, मूळ प्रतीत मात्र तपासणीशिवाय प्रवेश नाही. १९९१ साली सुरू झालेल्या लिनक्स या संगणक-प्रणालीत प्रत्येक विभागाला राखणदार असतो. त्याच्या चाळणीतून उतरलेला बदलच लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्यापर्यंत पोहोचतो.

गैरसमज : बाहेरचे लोक म्हणजे बिनपगारी मजूर.
वस्तुस्थिती : लिनक्समधले बहुतेक बदल कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. जिथे सॉफ्टवेअर सगळे वापरतात आणि पैसे जवळजवळ कोणीच देत नाही, तिथे काय होते, हे २०१४ मध्ये दिसले. इंटरनेटचा मोठा भाग सुरक्षिततेसाठी ज्या ‘ओपनएसएसएल’ या मुक्त सॉफ्टवेअरवर विसंबून होता, त्यात ‘हार्टब्लीड’ नावाची गंभीर त्रुटी सापडली. त्या प्रकल्पाला पूर्णवेळ माणूस जेमतेम एक होता आणि देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी खिशात हात घातला.

गैरसमज : म्हणजे हा आपला सहकारच.
वस्तुस्थिती : सहकारात भागधारक सभासदाला मत असते. इथे योगदान देणाऱ्याला भाग मिळत नाही, बहुतेक ठिकाणी मतही नाही. पण कारभार पटला नाही तर सगळा कोड घेऊन वेगळी चूल मांडण्याचा हक्क असतो. २०१० मध्ये ‘ओपनऑफिस’ या कार्यालयीन सॉफ्टवेअरमधून ‘लिब्रेऑफिस’ असेच निघाले. माणसे निघून जाऊ शकतात, हे ठाऊक असल्याने चालकाला त्यांचे ऐकावे लागते.

यातून धडा घेऊन कोल्हारच्या दूध संकलन केंद्राने किंवा शेतमाल कंपनीने बाहेरच्यांना हाताशी घेताना आधी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : काय खुले, काय बंद, होकार-नकार कोण देणार आणि श्रेय कोणाच्या नावावर. ग्राहकांची आणि शेतकऱ्यांची खासगी माहिती कायम ‘बंद’च्या यादीत राहील. होकार-नकार देणाऱ्या माणसाचा पगार मात्र संस्थेनेच द्यायचा, कारण आलेली मदत तपासणे हेही कामच आहे.