पहिल्या वर्षाचा ताळेबंद

गेल्या आषाढातली गोष्ट. बाहेर पावसाची पिरपिर चाललेली, तास संपलेले, आणि मी मराठी विभागात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलो होतो. इतक्यात दुसऱ्या वर्षाला असलेली माझी एक विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली. हातात चार कागद.

"सर, एवढं शुद्धलेखन तपासून द्याल का? आमच्या मंडळाचा अहवाल आहे."

हे मंडळ मला ऐकून ठाऊक होते. बाहेरगावाहून पुण्यात शिकायला आलेल्या, पेठांतून कॉटबेसिसवर राहणाऱ्या तीस-चाळीस मुलामुलींचे ते मंडळ. त्यांची मागणी एकच होती. जवळची सार्वजनिक अभ्यासिका रात्री नऊला बंद होते, ती बारापर्यंत उघडी ठेवावी. एका खोलीत पाच जण राहणाऱ्या मुलांनी अभ्यास करावा तरी कोठे, असा त्यांचा साधा सवाल. वर्षभर त्यांनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, एकदा पायरीवर बसून वाचन केले.

मी कागद हाती घेतला. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका बेताच्याच होत्या. पण दुसऱ्या पानावर डोळे अडखळले. तेथे ठळक अक्षरांत मथळा होता : 'वर्षभरातील उपलब्धी'. हा शब्द हिंदीतून आमच्याकडे पाहुणा म्हणून आला आणि ओसरीवरून थेट माजघरात शिरला. मराठीच्या मास्तराला एवढे निमित्त पुरे असते. मी लाल पेन उघडले. पण मथळ्याखाली पाहतो तो काय, जागा कोरी!

"इथं काही लिहायचं राहिलं का?"

"राहिलं नाही, सर. लिहायला काही नाहीच," ती म्हणाली. "उलट झालं. आता अभ्यासिका रात्री आठलाच बंद होते. त्याबदल्यात रविवारी सकाळी उघडतात. आमच्यातले निम्मे म्हणतात, रविवार मिळाला, आता गप्प बसू. निम्मे म्हणतात, फसवलं. पुढच्या आठवड्यात सभा आहे. मंडळ विसर्जित करावं, असा ठराव येणार आहे."

मी पेनाचे टोपण लावले. शुद्धलेखनाचा विषय आता उरला नव्हता.

वाचकहो, त्या कोऱ्या जागेकडे पाहताना मला याच पुण्यात स्थापन झालेल्या दुसऱ्या एका संघटनेची आठवण झाली. संयुक्त महाराष्ट्र समिती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे १ मे १९६० हा दिवस उभा राहतो. मंगल कलश, रोषणाई, शिवनेरी, शिवाजी पार्क! परंतु शेवटच्या पानावरून पहिल्या पानाची कल्पना येत नाही. समितीच्या पहिल्या वर्षाचा अहवाल कोणी लिहावयास घेतला असता, तर त्याची 'उपलब्धी' काय लिहिली असती?

थोडे मागे जाऊ. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, मराठी भाषकांच्या एका राज्याचा ठराव झाला. पुढे शंकरराव देवांच्या नेतृत्वाखाली संयुक्त महाराष्ट्र परिषदेने तो विषय हाती घेतला. स्वतंत्र आंध्रासाठी पोट्टी श्रीरामुलूंनी उपोषणात डिसेंबर १९५२ मध्ये प्राण सोडले, तेव्हा कोठे १९५३ साली आंध्र राज्य झाले आणि भाषावार प्रांतांचा प्रश्न देशभर ऐरणीवर आला. १९५५ च्या ऑक्टोबरात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. त्याने विदर्भ वेगळा काढला आणि उरलेला महाराष्ट्र गुजरातशी बांधून द्विभाषिक ठेवण्याची शिफारस केली. पुढे मुंबई शहर निराळे ठेवण्याची योजना निघाली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी निदर्शकांवर गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून सांगितले की, मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबई पेटली. पुन्हा गोळीबार, पुन्हा प्रेते.

काँग्रेसमधल्या पुढाऱ्यांना पक्षाची शिस्त सोडवेना आणि परिषदेचा गाडा रुतला. अशा वेळी ६ फेब्रुवारी १९५६ रोजी केशवराव जेध्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात सभा झाली आणि संयुक्त महाराष्ट्र समिती जन्माला आली. सरचिटणीस झाले एस. एम. जोशी.

आता त्या सभेला जे पक्ष होते त्यांच्याकडे पाहा. समाजवादी आणि कम्युनिस्ट यांचे वैर जुने. १९४२ मध्ये कम्युनिस्टांनी महायुद्धाला 'लोकयुद्ध' म्हटले आणि 'चले जाव'कडे पाठ फिरवली. त्याच वेळी एस. एम. दाढी वाढवून इमाम अली या नावाने भूमिगत वावरत होते. ती जखम चौदा वर्षांची होती. जेधे ब्राह्मणेतर चळवळीत वाढलेले. एकेकाळी त्यांच्या छत्रपती मेळ्याने पुण्यातील सनातन्यांची झोप उडविली होती. समितीत शेतकरी कामगार पक्ष होता आणि हिंदू महासभाही होती. पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आले, निवडणुकीच्या वेळी जनसंघही जोडला गेला. १९४८ च्या जाळपोळीची राख अजून महाराष्ट्रात पुरती निवालेली नव्हती. एरवी ज्यांनी एकमेकांच्या घरचे पाणीही घोटभर घेतले नसते, अशी ही माणसे एका सतरंजीवर बसली होती. मागणी एकच. मुंबई, बेळगाव, कारवारसह संयुक्त महाराष्ट्र. बाकीचे वाद दाराबाहेर, जोड्यांपाशी!

आणि वर्षात मिळाले काय? केंद्रात अर्थमंत्री असलेल्या चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर राजीनामा दिला. ते त्यांचे तेज. समितीची ती कमाई म्हणता येणार नाही. ऑगस्टमध्ये संसदेने तोडगा काढला. मुंबई वेगळी होणार नाही. पण महाराष्ट्र, विदर्भ, मराठवाडा, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ असे सारे मिळून एक प्रचंड द्विभाषिक राज्य होईल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते झालेही. मराठी राज्याची मागणी करणाऱ्यांना दुपटीने मोठे आणि दोन भाषांचे राज्य देण्यात आले. गुजरातेतही ते कोणाला नको होते. इंदुलाल याज्ञिकांच्या मागे महागुजरातची चळवळ तेथे उभी राहिली. बेळगाव आणि कारवार तर म्हैसूर राज्यात गेले.

'मुंबई मिळाली ना? मग आता भांडता कशाला?' असे विचारणारे तेव्हाही होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. मुंबई तोडण्याचा बेत बारगळला होता, हे खरेच. म्हणजे हासुद्धा एक रविवार सकाळच! नेमक्या अशाच वेळी संघटना फुटतात. सगळे नाकारले तर माणूस चिडून एकत्र राहतो. अर्धे दिले की घरात भांडण लागते.

त्यातच बाहेरचे वारे वाईट होते. नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि हंगेरीच्या प्रश्नावर जगभर समाजवादी व कम्युनिस्ट एकमेकांवर तुटून पडले. येथेही ते एकमेकांना बोलल्याशिवाय राहिले नाहीत. डिसेंबरच्या ६ तारखेला बाबासाहेब आंबेडकर गेले. विस्कटून जायला वर्षअखेरीस समितीपाशी कारणे भरपूर होती.

समिती विस्कटली नाही. माझ्या मते पहिल्या वर्षाच्या अहवालात लिहिण्याजोगी हीच पहिली आणि मोठी नोंद होती. हंगेरीवर आपले मत काय हे प्रत्येक पक्षाने आपापल्या व्यासपीठावरून सांगावे, आणि समितीच्या सभेत मुंबई, बेळगाव, कारवारवर बोलावे, ही शिस्त वाटते तेवढी सोपी नसते. आपले मत न सोडता दुसऱ्याच्या शेजारी बसणे याला मराठीत नेमका शब्द नाही. 'तडजोड' म्हणावे तर त्यात काहीतरी सोडलेले असते. येथे कोणी काही सोडले नव्हते.

त्याचे फळ १९५७ च्या फेब्रुवारी-मार्चच्या निवडणुकीत दिसले. त्या वेळच्या नोंदी चाळल्या की मोठी मौज वाटते. साताऱ्यातून कम्युनिस्ट क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले. राजापुरातून समाजवादी नाथ पै. नाशिकहून फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड, कोपरगावहून बी. सी. कांबळे. त्या वर्षी साऱ्या भारतातून जनसंघाचे चारच खासदार निवडून आले. त्यांपैकी दोन, धुळ्याचे आणि रत्नागिरीचे, या लाटेवर आले होते. एकाच वाऱ्याने इतक्या निरनिराळ्या रंगांची शिडे कधी फुगली नसतील. मुंबईत दादरहून आचार्य अत्रे आमदार झाले; त्यांचा 'मराठा' तर नोव्हेंबर १९५६ मध्ये निघून घरोघर गेलेलाच होता. कराडात खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण थोडक्या मतांनी वाचले.

आणि पुण्यात? पुण्याने एस. एम. जोशींना विधानसभेत धाडले. लोकसभेसाठी उभे होते समितीचे ना. ग. गोरे, आणि समोर काकासाहेब गाडगीळ. हेच काकासाहेब लोकसभेत संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने परखड बोलले होते. जेधे-गाडगीळ ही जोडी एकेकाळी पुण्याच्या राजकारणात दुधासाखरेसारखी होती. पण काकासाहेब काँग्रेसमध्येच राहिले, आणि पुणेकरांनी गोऱ्यांना निवडले. आपल्याच माणसाला पाडताना त्या दिवशी कित्येकांचा हात मतपेटीपाशी थबकला असेल.

एवढे होऊनही सत्ता मिळाली नाही. राज्यच इतके मोठे केलेले की, पश्चिम महाराष्ट्र हातचा गेला तरी बाकीच्या भागांच्या बळावर काँग्रेसचे बहुमत शाबूत राहिले. मागणीच्या रकान्यात अजून शून्यच होते. त्या शून्यासह समितीने पुढची वाट धरली. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा वाटेवर माणसांचा पूर लोटला. काळी निशाणे होती, पण निदर्शने शांततेने पार पडली. १९५६ च्या जानेवारीत दगड आणि गोळ्या पाहिलेल्या चळवळीने ही शांतता वर्ष-दीड वर्षात कमावली होती. दिल्लीला आकड्यांपेक्षा हा पूर अधिक समजला असावा. १ मे १९६० त्यानंतर अडीच वर्षांनी आला.

मी हे सारे तिला सांगितले. नेहमीप्रमाणे जरा लांबलेच. ती मुकाट्याने ऐकत होती. मग तिने विचारले, "आणि सर, हुतात्मे? ते कुठल्या रकान्यात लिहायचे?"

मी चटकन उत्तर देऊ शकलो नाही. शंभरावर माणसे त्या लढ्यात गेली. कित्येक गिरणीत जाणारी, कित्येक नुसती रस्त्यावरून चाललेली. आपण चौक बांधतो, ज्योत लावतो आणि ते बलिदान जमेच्या बाजूला मांडून मोकळे होतो. परंतु ज्या घरातला मुलगा परत आला नाही, त्या घरच्या वहीत ती जमा कशी होईल? "ते जमेत लिहू नये," मी म्हणालो. "ते देणं आहे. अजून फिटलेलं नाही."

"माझं आजोळ निपाणीचं," ती म्हणाली. "म्हणजे समितीनं आमचं काम अर्धंच ठेवलं की, सर!"

खरे होते. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने स्वीकारला नाही. २००४ साली महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सीमाभागात साठीसत्तरीची माणसे आजही मराठीतल्या पाटीसाठी भांडताना दिसतात. आणि समिती? मुंबईसह महाराष्ट्र मिळाला आणि तिला एकत्र बांधणारी दोरी सैल झाली. सतरंजीवर बसलेले एकेक जण उठून आपापल्या घरी गेले. दाराबाहेर ठेवलेले वाद जाताना आठवणीने पायात घालून गेले. एका मागणीची संघटना बळकट असते ती मागणी असेपर्यंतच. ती अर्धी पुरी झाली की उरलेल्या अर्ध्याला वाली राहत नाही, आणि ते अर्धे निपाणीसारखे कोणाचे तरी आजोळ असते. समितीच्या थोरवीबरोबर हेही सांगितले पाहिजे. रविवार सकाळवर समाधान मानणाऱ्यांनी तर ते जरूर ऐकावे.

मी तिला विचारले, "तुमच्या मंडळात कोण कोण आहेत?"

तिने सांगितले. बीडचे, गडहिंग्लजचे, वाशीमचे, तळोद्याचे. कोणी एका विद्यार्थी संघटनेचा, कोणी तिच्या कट्टर विरोधकांतला. जयंत्या निरनिराळ्या, झेंडे निरनिराळे. "पहिल्या दोन सभांत मारामारीच व्हायची राहिली," ती हसून म्हणाली. "आता डबे एकत्र उघडतो."

"हे अहवालात कुठे आहे?"

तिने कागद उचलले, पाहिले, आणि काही न बोलता पिशवीत ठेवले.

दहाएक दिवसांनी ती पुन्हा आली. अहवाल नव्याने लिहिला होता. 'उपलब्धी' खोडलेली, त्या जागी मथळा होता, 'वर्षभरात काय झाले'. पहिली ओळ अशी होती की, अभ्यासिका बारापर्यंत उघडी राहावी ही आमची मागणी मान्य झालेली नाही. दुसरी, रविवार आम्ही घेतला आहे, पण मागणी सोडलेली नाही. त्याखाली चौदा सभांच्या तारखा, आणि प्रत्येक सभेस कोण हजर होते त्यांची नावे, गावांसकट. जमाखर्च शेवटी. विसर्जनाचा ठराव सहा विरुद्ध एकवीस मतांनी फेटाळला, हेही नमूद होते.

शुद्धलेखनाच्या दोनच चुका निघाल्या. त्या दुरुस्त करून मी कागद परत दिले.

अभ्यासिका अजून आठलाच बंद होते. परवा रात्री त्या बाजूने येत होतो. कुलूप लागलेले होते, आणि पायरीवर, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात, आठ-दहा मुले-मुली पुस्तके उघडून बसली होती.