एफएसआय कागदावर वाढला, भूखंडावर बसेना! उंच इमारतींच्या नियमांवर विकासकांचे आक्षेप काय?

छत्रपती संभाजीनगर : शहरात उंच गृहप्रकल्पांची संख्या वाढत आहे. मात्र, नियमाने मंजूर होणारे बांधकाम प्रत्यक्ष जागेवर पूर्ण बसत नाही, अशी विकासकांची तक्रार आहे. अडचण नेमकी कुठे आहे आणि घर घेणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, हे समजून घेऊ.

नियम कोणते?
मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली म्हणजेच ‘यूडीसीपीआर’ लागू आहे. दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय १.१ आहे. त्यावर शुल्क भरून प्रीमियम एफएसआय, बाजारातून टीडीआर आणि निवासी इमारतीसाठी ६० टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी एफएसआय घेता येतो. उदाहरणार्थ, १,००० चौरस मीटर भूखंडावर मूळ १,१०० आणि अ‍ॅन्सिलरी ६६० मिळून १,७६० चौरस मीटर बांधकाम होते. प्रीमियम व टीडीआर वेगळे.

मग अडते कुठे?
पहिला अडथळा सामासिक अंतराचा. १५ मीटरपेक्षा उंच इमारतीच्या बाजूला व मागे उंचीच्या एक पंचमांश जागा मोकळी ठेवावी लागते. भूखंड २५ मीटर रुंद आणि इमारत ३० मीटर उंच असेल, तर दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटर सोडून बांधकामाला १३ मीटर रुंदी उरते. उंची ४५ मीटर केली की उरतात फक्त सात मीटर. म्हणजे मजले वाढवावेत, तर इमारत बारीक होते. लहान व अरुंद भूखंडांना याचा सर्वाधिक फटका बसतो. त्यात पार्किंग. एका कारला २.५ बाय ५ मीटर जागा लागते. रॅम्प आणि गाडी वळवण्याची जागा वेगळी. तळघर किंवा यांत्रिक पार्किंगचा खर्च शेवटी फ्लॅटच्या दरात येतो.

रस्त्याचा संबंध काय?
एफएसआय रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम आणि टीडीआर मिळत नाही. गुंठेवारीतून वाढलेल्या वसाहतींत अनेक गल्ल्या अरुंद आहेत. महापालिकेने २०२५ मध्ये प्रमुख रस्त्यांवर रुंदीकरणाची मोहीम राबवली. पण आतल्या रस्त्यांचा प्रश्न कायम आहे.

मोठ्या भूखंडांचे काय?
४,००० चौरस मीटर व त्यावरील भूखंडावर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. शिवाय, १० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत मूळ एफएसआयच्या २० टक्के बांधकाम अल्प व दुर्बल उत्पन्न गटासाठी राखावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार ११.७५ लाख लोकसंख्येचे हे शहर त्यात येते. चार हजार चौरस मीटरवर हा वाटा साधारण ८८० चौरस मीटर होतो. ही घरे ठरलेल्या दराने द्यायची असल्याने उरलेल्या फ्लॅटवर बोजा पडतो, असे विकासक म्हणतात. या मर्यादेच्या आत भूखंड ठेवण्याचा मोह त्यातूनच होतो. नाशिकमध्ये याच तरतुदीचा वाद २०२२ मध्ये विधिमंडळात गाजला.

नियम शिथिल करावेत का?
सामासिक अंतर ही वाया गेलेली जागा नव्हे. तिथूनच अग्निशमन बंब आत येतो, खालच्या मजल्यांना उजेड-वारा मिळतो. पार्किंग कमी केले, तर गाड्या रस्त्यावर येतात. जायकवाडीवरून येणाऱ्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे काही दिवसांआड वाट पाहणाऱ्या शहरात घरांची दाटी वाढवताना जलवाहिन्यांचाही हिशेब हवा. त्यामुळे सरसकट सवलतीपेक्षा शेजारचे लहान भूखंड एकत्र करणे आणि आतले रस्ते रुंद करणे हा अधिक टिकाऊ मार्ग ठरतो.

ग्राहकांनी काय पाहावे?
- महारेरा संकेतस्थळावर मंजूर नकाशा, मजल्यांची संख्या आणि कार्पेट एरिया.
- समोरच्या रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी.
- करारनाम्यात पार्किंगचा स्पष्ट उल्लेख.
- ताबा घेण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमन विभागाची अंतिम ना-हरकत.