दोरीच्या जागी बटण

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलाकार पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवतात. बाहुलीचे लाकडी ओठ हलत नाहीत. ती मान डोलावते, आवाज कलाकाराचा असतो. तरी तीच बोलतेय असे वाटते.

व्हिडिओ गेममध्येच चित्रपट बनवण्याच्या तंत्राचे तत्त्वही हेच. या तंत्राला ‘मशिनिमा’ म्हणतात. १९९६ मध्ये ‘क्वेक’ या गेममध्ये ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ हा लघुपट झाला. २००३ मध्ये अमेरिकेतल्या चाहत्यांनी ‘हेलो’ या विज्ञानकथेवरच्या युद्धगेममध्ये ‘रेड व्हर्सेस ब्लू’ ही मालिका सुरू केली.

अनेक खेळाडू एकाच गेममध्ये उतरतात. एकाचे पात्र कॅमेरा बनते. त्याला दिसेल तेच चित्रित होते. बाकीचे नट. शिरस्त्राणामुळे सैनिकांचे तोंड दिसत नाही, म्हणून बोलणाऱ्याचे डोके हलवायचे आणि संवाद वेगळे ध्वनिमुद्रित करून जोडायचे. खेळाडूने बटण दाबताच गेमचे इंजिन दृश्य, प्रकाश आणि सावल्या त्याच क्षणी रंगवते; त्यामुळे एकेक चित्र स्वतंत्रपणे तयार करावे लागत नाही.

पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना बाहुल्यांच्या या लोककलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गेममध्ये गोष्ट रचू पाहणाऱ्या मुलांनी आधी पिंगुळीला जावे. निर्जीव वस्तूत जीव कसा ओतायचा, हे तिथे डोळ्यांसमोर शिकता येते.