मालकाच्या पसंतीची मोटर यॉट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवी मोटर यॉट दोन प्रकारांनी बांधली जाते. पहिल्या प्रकारात कारखान्याकडे हलचा, म्हणजे नौकेच्या मुख्य अंगाचा, साचा तयार असतो आणि मालक त्यावर आपल्या गरजेप्रमाणे खोल्या, उपकरणे, टाक्या, छप्पर, पोहण्याचा फलाट असे बदल सुचवतो. दुसऱ्या प्रकारात पहिल्या रेषेपासून सगळेच नव्याने आखले जाते. दुसरा प्रकार महाग आणि दुर्मीळ आहे, त्यामुळे ‘मालकाच्या पसंतीची यॉट’ म्हटले की बहुतेक वेळा पहिलाच प्रकार अभिप्रेत असतो. या बदलांबद्दल मालकांमध्ये, मध्यस्थांमध्ये आणि सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांमध्येही काही समजुती घट्ट बसल्या आहेत. त्यांतल्या काही फक्त पैसे वाया घालवतात, काही जिवावर बेततात.

सोलापूर–पुणे महामार्गावरची मोहोळ तालुक्यातली चिंचोळी एमआयडीसी मुंबईच्या समुद्रापासून जवळजवळ चारशे किलोमीटर आत आहे. तिथे यॉट बांधली जात नाही. पण यॉटला लागणारी रेलिंग, ब्रॅकेट, टाक्या, पडदे, टॉवेल हा सगळा माल घडवण्याचे कसब अशाच औद्योगिक वसाहतींत असते. म्हणून पुढचे काही मुद्दे मालकाइतकेच वर्कशॉपवाल्यांच्याही कामाचे आहेत.

साचा ठरला की बाकीचे पुढे बघता येते

ही समजूत घराच्या बांधकामावरून आलेली आहे. घराचा स्लॅब पडल्यावरही एखादी विटांची भिंत पाडून दुसरीकडे उभी करता येते. यॉटमधल्या आडव्या भिंती नुसत्या खोल्या वेगळ्या करत नाहीत. त्या हलला आकारात धरून ठेवतात आणि एका कप्प्यात पाणी शिरले तर ते पुढच्या कप्प्यात जाऊ देत नाहीत. अशी भिंत दीड फूट सरकवली तर सांगाड्याचे बळ, टाक्यांची जागा, केबलचे मार्ग आणि नौकेचा तोल हे सगळे नव्याने मोजावे लागते.

चिंचोळीतल्या माणसाला ही गोष्ट चटकन समजावी. प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना याच वसाहतीत आहे. कॅमशाफ्टचा पॅटर्न एकदा तयार झाला की कॅमच्या उंचीतला मिलिमीटरचा बदलही पॅटर्नपासून तपासणीपर्यंतचे काम पुन्हा करायला लावतो. यॉटचेही तसेच आहे. फरक इतकाच की तिथे रद्द होणारा तुकडा पंधरा मीटर लांबीचा असतो.

योग्य क्रम असा. नौका कुठे चालणार, किती दिवस किनाऱ्यापासून दूर राहणार आणि तिच्यावर किती माणसे झोपणार, हे सर्वांत आधी ठरते. त्यावरून इंधन व पाणी, मग वीज, मग जड यंत्रांच्या जागा ठरतात. सोफ्याचा रंग आणि लाकडाची जात अगदी शेवटी. प्रत्यक्षात बरेच मालक सोफ्यापासून सुरुवात करतात आणि जनरेटर कुठे बसवायचा हा प्रश्न बांधणाऱ्यावर सोडतात.

चाळीस टनांच्या नौकेला दीड टनाने काय होणार?

सगळ्यांत धोकादायक गैरसमज हाच आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. नौका जास्तीच्या दीड टनाने बुडत नाही, थोडी खोल बसते. प्रश्न वजन किती, यापेक्षा ते कुठे ठेवले, याचा आहे.

एक हिशेब पाहावा. यॉटचे वजन 40 टन आहे. मालकाला वरच्या उघड्या डेकवर गरम पाण्याचा हौद हवा आहे. हौदात 1.5 टन पाणी मावते आणि त्याची जागा नौकेच्या गुरुत्वमध्यापासून 4 मीटर वर आहे. हौद भरला की नौकेचा गुरुत्वमध्य 1.5 गुणिले 4 भागिले 41.5, म्हणजे सुमारे 14 सेंटिमीटर वर सरकतो. कललेल्या नौकेला परत सरळ करणारे बळ गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर (नौका थोडी कलली की पाण्याच्या वर ढकलणाऱ्या बळाची रेषा नौकेच्या मध्यरेषेला जिथे छेदते तो बिंदू) या दोन बिंदूंमधल्या अंतरावर अवलंबून असते. ते अंतर एक मीटर धरले, तर एका हौदाने स्थैर्याची सातव्या हिश्श्याइतकी शिल्लक खाल्ली. हौदाचे स्वतःचे वजन आणि त्याच्याभोवती जमणारी माणसे यांत धरलेलीच नाहीत.

इतक्यावर भागत नाही. पाणी स्थिर राहत नाही. नौका कलली की तेही कललेल्या बाजूला धावते. याला मुक्त पृष्ठभागाचा परिणाम म्हणतात. दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद हौदात तो आणखी 3 सेंटिमीटरच्या नुकसानीइतका भरतो. हौदाच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक पक्का आडपडदा घातला तर हा परिणाम चौथ्या हिश्श्यावर येतो, कारण तो रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. इंधनाच्या आणि पाण्याच्या टाक्या आतून विभागलेल्या असतात त्या याचसाठी. टाकी स्वस्त करण्यासाठी तो पडदा गाळणारा कारागीर नौकेचे स्थैर्य गाळत असतो.

वर चढणाऱ्या वजनाने काय होते याचा जगातला सर्वांत प्रसिद्ध धडा स्वीडनच्या ‘वासा’ या युद्धनौकेचा आहे. 10 ऑगस्ट 1628 रोजी स्टॉकहोम बंदरातून पहिल्याच प्रवासाला निघालेली ही नौका दीड किलोमीटरही न जाता साध्या वाऱ्याच्या झोताने कलंडून बुडाली. तिचा वरचा भाग खालच्या भागाच्या मानाने फार जड होता. निघण्यापूर्वी तीस खलाशांना डेकवर या बाजूपासून त्या बाजूला पळवून चाचणी घेतली गेली होती. नौका इतकी डोलू लागली की चाचणी मधेच थांबवली, पण प्रवास थांबवला नाही.

जुन्या काळाची गोष्ट म्हणून ती बाजूला ठेवता येत नाही. 19 ऑगस्ट 2024 रोजी सिसिलीजवळ ‘बेझियन’ ही 56 मीटरची आलिशान शिडाची यॉट वादळात कलंडली आणि सात माणसे मेली. तिची एकच डोलकाठी 70 मीटरहून उंच होती. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेच्या 2025 मधल्या अंतरिम अहवालानुसार, शिडे उतरवून इंजिनावर चालण्याच्या स्थितीत बाजूने 63 नॉटहून जास्त वेगाचा वारा तिला आडवी पाडू शकत होता, आणि ही मर्यादा नौकेवरच्या स्थैर्य-पुस्तिकेत दिलेली नव्हती. नौका किती महाग आहे, यावर ती किती उभी राहील हे ठरत नाही.

म्हणून चांगला बांधणारा वजनाची वही ठेवतो. 20 मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 54 किलो भरते. दहा चौरस मीटर ओटे आणि फरशी म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त. तोच दगड तीन-चार मिलिमीटरचा कापून अ‍ॅल्युमिनियमच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या फळीवर चिकटवला तर वजन सहज तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते आणि पाहणाऱ्याला फरक कळत नाही. हा पर्याय आधी मागितला तर मिळतो; ओटा बसल्यावर मागितला तर दुप्पट खर्च होतो.

खोल्या वाढवल्या तर नियमांत काय फरक पडतो?

पडतो. आंतरराष्ट्रीय सोलास करारानुसार बारापेक्षा जास्त प्रवासी नेणारी नौका प्रवासी जहाज ठरते. तेराव्या प्रवाशासाठी एक बिछाना वाढवला की आगीपासून संरक्षण, जीवरक्षक साधने आणि कप्प्यांची रचना यांचे नियम एकदम वेगळे होतात. म्हणूनच भाड्याने फिरणाऱ्या जगभरच्या बहुतेक यॉट बारा पाहुण्यांवर थांबतात. यॉट खासगी ठेवायची की भाड्याने द्यायची, हे करार करतानाच लिहून ठेवावे लागते; नंतर विचार बदलला तर बरेचसे आतले काम उखडावे लागते.

युरोपातून येणाऱ्या 24 मीटरपर्यंतच्या नौकांवर ‘अ’ ते ‘ड’ असा वर्ग लिहिलेला असतो. ‘ब’ वर्ग बोफर्ट 8 पर्यंतचा वारा आणि 4 मीटर लाटा, ‘क’ वर्ग बोफर्ट 6 आणि 2 मीटर, तर ‘ड’ वर्ग बोफर्ट 4 आणि 0.3 मीटर लाटांसाठी असतो. हा वर्ग नौका जशी तपासली गेली तशीच राहिली तर लागू असतो. वर कायमचे छप्पर, मोठी खिडकी किंवा दुसरी छोटी होडी उचलणारी क्रेन बसवली की तो पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

चुंबक चिकटत नाही, म्हणजे माल समुद्राचा

वर्कशॉपमध्ये स्टेनलेस स्टीलची पारख चुंबकाने करायची जुनी सवय आहे. समुद्राच्या कामासाठी ती निरुपयोगी आहे. 304 आणि 316 हे दोन्ही प्रकार एकाच कुळातले असून दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही. फरक असतो तो 316 मधल्या दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनममध्ये, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत 304 ची रेलिंग वर्षानुवर्षे चकचकीत राहते. तीच रेलिंग खाऱ्या वाऱ्यात थोड्याच दिवसांत चहाच्या डागांसारखी तपकिरी होते आणि पुढे तिला बारीक खड्डे पडतात. मालाबरोबर गिरणीचे प्रमाणपत्र आणि शक्यतो मिश्रधातू तपासणाऱ्या यंत्राची नोंद हवी.

316 म्हणजे सर्व प्रश्नांवर उत्तर, हाही उलट बाजूचा गैरसमज आहे. स्टेनलेस स्टीलला टिकण्यासाठी ऑक्सिजन लागतो, कारण त्यावरचा संरक्षक थर त्यातूनच बनतो. रबराच्या वॉशरखाली किंवा बेअरिंगच्या आत साचलेल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन संपतो आणि फटीच्या आतून धातू पोखरला जातो. बाहेरून बोल्ट नवा दिसतो, आत तो अर्धा उरलेला असतो. पाण्याखालच्या शाफ्टसाठी वेगळे मिश्रधातू वापरतात ते यामुळेच.

पितळ आणि कांसे यांतही घोळ होतो. हलला पाडलेल्या भोकात बसणाऱ्या झडपा साध्या पितळेच्या असल्या तर खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त निघून जाते आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबे उरते. ती झडप एके दिवशी हातात येते आणि समुद्र आत शिरतो. पाण्याच्या पातळीखाली कांसे किंवा जस्त न सोडणारे खास पितळच वापरावे. प्रत्येक जादा शौचालय, प्रत्येक पाण्याने थंड होणारा एसी म्हणजे हलला एखादे तरी नवे भोक. म्हणून भोके मोजून कमी ठेवणे हाही नियोजनाचाच भाग आहे.

कापडाबाबत थोडक्यात: हॉटेलात चालतो तो पडदा व्यावसायिक नौकेवर चालेलच असे नाही. नियम लागू असलेल्या नौकांवर पडदे, गाद्या आणि आसनांचे कापड ज्वलन-चाचणीत उतरलेले असावे लागते. सोलापूरचे टेरी टॉवेल मात्र याला अडत नाहीत. ते सामानात मोडतात, बांधकामात नाही.

मोठा जनरेटर घेतला की विजेची काळजी मिटली

डिझेल जनरेटरला सतत कमी भारावर चालवले तर इंधन पूर्ण जळत नाही, काजळी धरते आणि सिलिंडर खराब होतात. रात्री दोन एसी आणि एक फ्रिज चालवण्यासाठी सगळ्या नौकेच्या मापाचा जनरेटर चालवणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे. एका मोठ्याऐवजी दोन लहान घेण्याची पद्धत त्यामुळेच रूढ झाली. शिवाय एक बंद पडला तर दुसरा असतो. भारतात वीज 50 हर्ट्झची, अमेरिकेत 60 हर्ट्झची. दुसऱ्या देशात बांधलेली यॉट मुंबईत आणायची असेल तर हे करारातच यावे.

डोलणे थांबवणाऱ्या जायरोबद्दलही घाई होते. हे यंत्र जड असते, त्याचे चाक पूर्ण वेगाला यायला बराच वेळ लागतो आणि त्याचा सगळा जोर हलच्या सांगाड्यावर येतो. नंतर बसवायचे म्हटले तर ते दारातून जात नाही. डेक कापावा लागतो. आता पैसे नसतील तरी त्याचा पाया आणि केबलचा मार्ग आधी ठेवणे शहाणपणाचे.

गोड्या पाण्यात हिशेबाची गरज नाही

सोलापूर जिल्ह्यात हा समज विशेष घातक आहे. उजनीचा जलाशय सुमारे 117 टीएमसीचा. त्याच्या रुंद पात्रावर वाऱ्याला मोकळे मैदान मिळते. 21 मे 2024 रोजी कुगाव ते कळाशी जाणारी बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. पर्यटनासाठी उजनीवर छप्पर, वरचा मजला किंवा तंदूरची भट्टी लावलेली मोटर बोट आणताना स्थैर्याचा हिशेब समुद्राइतकाच काटेकोर हवा. इंजिनावर चालणाऱ्या अंतर्देशीय नौकांसाठी आता 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय नौका कायदा, 2021 आहे आणि त्यात तपासणी व नोंदणी बंधनकारक आहे.

अशी कामे आपल्याकडे होत नाहीत

गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात ‘म्हादेई’ बांधली गेली. कल्पना मनोहर आवटी या निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरलची, आराखडा व्हान डे स्टाट या डच संस्थेचा, 56 फुटी. लाकडी गाभ्यावर काचतंतू आणि इपॉक्सी. 19 ऑगस्ट 2009 रोजी दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून निघाले आणि मे 2010 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय म्हणून परतले. त्याच आराखड्यावर ‘तारिणी’ झाली आणि 2017–18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून 254 दिवसांत प्रदक्षिणा केली. पुढे गोव्यातल्याच होडी इनोव्हेशन्सने अजिंठ्याच्या चित्रावरून ‘कौंडिण्य’ ही शिवलेली नौका बांधली. तिचा जुना नकाशाच उपलब्ध नव्हता. म्हणून तिच्या पाण्यातल्या वागणुकीची चाचणी आयआयटी मद्रासच्या मदतीने प्रतिकृतीवर घेतली गेली. या तिन्ही नौका शिडाच्या आहेत, मोटर यॉट नव्हेत. पण आधी मोजणे आणि मग कापणे हा क्रम तोच.

नौका पाण्यात उतरल्यावर कलन-चाचणी होते. ठरलेली वजने डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे हलवतात आणि लोंबकळत्या ओळंब्याचे विचलन मोजून नौकेचा खरा गुरुत्वमध्य काढतात. कागदावरचा हिशेब आणि हा आकडा जुळला तरच वहीत लिहिलेली वजने खरी. चिंचोळीतून किंवा आणखी कुठूनही यॉटसाठी भाग पाठवणाऱ्याने त्याबरोबर तराजूवर मोजलेले वजन, धातूचे प्रमाणपत्र आणि कापड असल्यास चाचणीचा दाखला पाठवावा, आणि मालकाने हे कागद नसलेला माल नौकेवर चढू देऊ नये.