एका ‘सॉरी’ची किंमत

इंग्रज गेले, पण जाताना आपल्या पदरात जे शब्द टाकून गेले, त्यांत ‘सॉरी’ इतका घरोघर रुळलेला शब्द क्वचितच सापडेल. लोकलमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला, ‘सॉरी!’ चहात साखर जास्त पडली, ‘सॉरी हं!’ आमच्या शेजारच्या चिमुरड्याला उजवी-डावी चप्पल अजून कळत नाही. पण फुलदाणी फोडल्यावर ‘सॉरी’ म्हटले की धपाटा चुकतो, हे व्यवहारज्ञान मात्र त्याला पक्के आहे!

या शब्दाचे कुळ शोधावे, अशी मला हौस वाटली. तेव्हा कळले, की ‘सॉरी’ आणि दुःख या अर्थाचा ‘सॉरो’ हे दिसायला सख्खे भाऊ असले, तरी त्यांचे मूळ वेगळे. ‘सॉरी’चे नाते आहे ‘सोअर’शी, म्हणजे ठणकणाऱ्या, दुखऱ्या जागेशी. मुळात ‘सॉरी’ म्हणजे ‘मी चुकलो’ नव्हे, तर ‘माझ्या जिवाला लागले आहे’!

म्हणूनच कुणी वारल्याचे कळले, की इंग्रज गृहस्थ ‘सॉरी’ म्हणतो. आपणच त्याला मारले, असे काही त्याला सुचवायचे नसते! नीट ऐकू आले नाही, तर स्वर चढवून तो ‘सॉरी?’ म्हणतो. एखाद्या गोष्टीची दैना उडाली, तर तिचीही अवस्था ‘सॉरी’च.

पण हा स्वस्त शब्द कधी कधी फार महाग पडतो. ऑस्ट्रेलियात सरकारने तिथल्या मूळ रहिवाशांची मुले पिढ्यान् पिढ्या आईबापांपासून तोडून नेली होती. १९९९ साली पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या कारकिर्दीत तिथल्या संसदेने त्याबद्दल ‘खेद’ व्यक्त केला. ‘सॉरी’ मात्र टाळले. २८ मे २००० रोजी सिडनीच्या पुलावरून लक्षावधी लोक चालत गेले, तेव्हा एका विमानाने आकाशात धुराने तो एकच शब्द लिहिला. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत तो उच्चारला, आणि कशाबद्दल तेही स्पष्ट सांगितले.

जालियनवाला बागेच्या बाबतीत मात्र, १०० वर्षे भरत आली असताना, १० एप्रिल २०१९ रोजी ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे खेदापाशीच थांबल्या. माफी मागितली, की भरपाईचे दावे मागे लागतील, ही धास्ती अशा वेळी अनेकांना असते. म्हणून तर कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांताने २००९ साली कायदाच केला, की दिवाणी दाव्यात माफी हा दोषाचा कबुलीजबाब धरू नये!

आपल्या घरांत कोर्ट नसते, तरीही तो शब्द घशात अडकतोच. पायावर पाय पडला तर सहज निघणारा ‘सॉरी’ सख्ख्या भावापुढे मात्र निघत नाही. आपल्या मराठीत एक साधे वाक्य आहे, ‘माझं चुकलं.’ त्यात काय चुकले, तेही घालावे लागते, हीच त्याची अवघड बाजू, आणि तीच त्याची थोरवी.

वाचकहो, यंदाच्या भाऊबीजेला एखाद्या घरी वर्षानुवर्षांचा अबोला असेल, तर तिथे नुसता ‘सॉरी’चा निरोप धाडू नका. फराळाचा डबा घेऊन स्वतः जा आणि म्हणा, ‘ताई, आईच्या बांगड्यांवरून मी तुला बोललो, ते माझं चुकलं.’

ताई आधी रडेल, मग चहा टाकेल.