उशिरा घेतलेल्या निर्णयाचा अर्ज

फिलाडेल्फिया : तिशीच्या उंबरठ्यावरची माणसे चांगली नोकरी सोडून डॉक्टर होण्याच्या मार्गाला लागतात, हे अमेरिकेत नवलाचे मानले जात नाही, आणि याचे कारण समजून घ्यायचे, तर या देशातील वैद्यकीय शिक्षण बारावीनंतर लगेच सुरू होत नाही, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. येथे प्रथम कोणत्याही विषयातील चार वर्षांची पदवी आणि तिच्यानंतर चार वर्षांचे मेडिकल स्कूल असा क्रम आहे. मेडिकल स्कूलला पदवीच्या विषयाशी फारसे देणेघेणे नसते. इतिहास, संगीत, अर्थशास्त्र किंवा संगणकशास्त्र यांपैकी काहीही शिकलेला उमेदवार चालतो, मात्र जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय त्याने कॉलेजच्या पातळीवर, प्रयोगशाळेसह, पूर्ण केलेले असावेत अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. पदवी आहे पण हे विषय झालेले नाहीत, अशा माणसासाठी जो एक-दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्याला पोस्ट-बॅकलॉरिएट प्रीमेडिकल प्रोग्राम म्हणतात. बोलण्यात त्याचे ‘पोस्ट-बॅक’ झाले आहे, आणि पेशा बदलून त्यात येणाऱ्याला ‘करिअर-चेंजर’ म्हणतात.

वसई-विरारच्या वाचकाला या व्यवस्थेची ओळख करून देण्याचे प्रयोजन उघड आहे. दहावीच्या निकालानंतर ‘पीसीएम’ की ‘पीसीबी’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, बायफोकलसाठी किंवा इंजिनीअरिंगच्या ओढीने अनेक मुले-मुली जीवशास्त्र सोडून देतात, आणि पुढे दहा वर्षांनी, पहाटेची विरार लोकल पकडून अंधेरीच्या कचेरीत जाणाऱ्या त्यांच्यातील एखादीला घरातल्या आजारपणात किंवा रुग्णालयातील जागरणात असे जाणवते, की आपले काम खरे म्हणजे तेथे आहे. सोळाव्या वर्षी सुटलेला विषय सव्विसाव्या वर्षी परत घेता यावा काय, या प्रश्नाचे अमेरिकेने एक उत्तर दिले आहे. ते उत्तर उदार आहे, तसेच महागही आहे, आणि त्याच्या या दोन्ही बाजू सोबतच पाहाव्या लागतात.

हे उत्तर फिलाडेल्फियाहून सांगण्यास विशेष औचित्य आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ज्या ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला, त्याच जिल्ह्यातील कल्याण हे आनंदीबाई जोशी यांचे माहेर. त्या १८८३ साली फिलाडेल्फियातील वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात दाखल झाल्या आणि मार्च १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. कॉलेजच्या कारभाऱ्यांना त्यांनी १८८३ साली पाठविलेले अर्जाचे पत्र आजही जतन केलेले आहे. त्या कॉलेजचा वारसा सांगणारे ड्रेक्सेल विद्यापीठ ते सांभाळते. आनंदीबाईंजवळ पदवी नव्हती, आणि ती मागितलीही जात नव्हती. प्रवेशाच्या रीतसर अटींत आपण बसत नसू, तरी आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरची गरज आहे आणि त्यासाठीच आपण आलो आहोत, असे कारण त्या पत्राने कॉलेजपुढे ठेवले. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेल्या स्त्रीचे ते कारण होते, आणि कॉलेजने ते पुरेसे मानले.

त्यानंतर या देशाने दार अरुंद केले. १८९३ साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या मेडिकल स्कूलने प्रवेशासाठी पदवीची अट घातली, आणि १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी करून लिहिलेल्या अहवालात निदान दोन वर्षांचे कॉलेजशिक्षण आणि विज्ञानाचा पाया यांचा आग्रह धरला. नफ्यासाठी चालविलेल्या अनेक निकृष्ट शाळा पुढील काळात बंद पडल्या. शिक्षणाचा दर्जा वाढला, पण स्त्रियांच्या व कृष्णवर्णीयांच्या काही शाळाही त्या लाटेत मिटल्या. वैद्यकशास्त्र पदवीनंतरचे शिक्षण झाले, आणि त्यामुळे निर्णयाचे वय आपोआप पुढे सरकले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९५५ साली करिअर-चेंजरसाठी पोस्ट-बॅक सुरू केले, फिलाडेल्फियाच्या वेशीवरील ब्रिन मॉर कॉलेजाने १९७२ साली, तर बाल्टिमोरजवळच्या गाउचर कॉलेजाने १९८० साली. आता असे अभ्यासक्रम देशभर पसरले आहेत.

पोस्ट-बॅकचे दोन प्रकार असतात, आणि अर्जदाराने पहिली चूक येथे टाळायची असते. पहिला प्रकार करिअर-चेंजरसाठी, म्हणजे विज्ञान न शिकलेल्यांसाठी. दुसरा प्रकार ज्यांनी विज्ञान शिकले पण गुण कमी पडले, त्यांच्या गुणपत्रिकेची डागडुजी करण्यासाठी. पहिल्या प्रकारच्या निवडक संस्था आवश्यक विषय आधीच पूर्ण केलेल्या उमेदवाराला सहसा घेत नाहीत. याखेरीज ठरावीक प्रोग्राममध्ये न जाता जवळच्या राज्य विद्यापीठात एकेक विषय संध्याकाळच्या वर्गात घेण्याचा मार्गही पुष्कळ लोक पत्करतात. तो स्वस्त असतो व नोकरी सांभाळून करता येतो, मात्र तेथे मार्गदर्शन व शिफारस यांची व्यवस्था ज्याची त्याने लावायची असते.

पोस्ट-बॅकच्या अर्जात पूर्वीच्या सर्व गुणपत्रिका, दोन-तीन शिफारसपत्रे, निबंध आणि बहुधा मुलाखत असते. गुण चारपैकी मोजले जातात, आणि नामांकित प्रोग्राममध्ये साडेतीनच्या पुढचे उमेदवार मोठ्या संख्येने असतात. परंतु निवड करणारे निबंधालाही महत्त्व देतात, कारण त्यांना दोन प्रश्नांचे उत्तर हवे असते : वैद्यकच का, आणि आताच का. जुन्या नोकरीचा कंटाळा हे उत्तर पुरत नाही; रुग्णांच्या सहवासात काढलेले तास दाखवावे लागतात. कोणी आठवड्याच्या सुटीत रुग्णवाहिकेवर प्राथमिक उपचाराचे काम करतो, कोणी ‘स्क्राइब’ होतो, म्हणजे डॉक्टर रुग्णाला तपासत असताना शेजारी बसून नोंदी टिपतो, कोणी हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे होण्याची आशा उरली नाही अशा रुग्णांच्या सेवागृहात, स्वयंसेवक म्हणून बसतो, तर कोणी डॉक्टरच्या मागे दिवसभर निमूटपणे फिरून काम पाहतो. या शेवटच्या प्रकाराला ‘शॅडोइंग’ म्हणतात. या अटीमागचा विचार मोलाचा आहे, कारण पेशा बदलणाऱ्याने रक्त, वेदना, मृत्यू आणि कागदपत्रांचा ढीग हे सारे पाहून घेतले असेल, तर त्याचा निर्णय टिकण्याची शक्यता अधिक असते. अनेक संस्था अर्ज येतील तसतसे निकाल देत जातात, म्हणून पुढील उन्हाळ्यात सुरू होणाऱ्या वर्गासाठी आदल्या शरद ऋतूतच अर्ज करणे शहाणपणाचे ठरते.

पोस्ट-बॅकमध्ये प्रवेश मिळाल्यानंतरची परीक्षा म्हणजे एमकॅट, मेडिकल स्कूलसाठीची प्रवेशपरीक्षा. २०१५ पासूनच्या तिच्या आजच्या रूपात चार भाग आहेत आणि गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर दिले जातात. तीन भाग विज्ञानांचे, त्यांत मानसशास्त्र व समाजशास्त्रही आले, आणि चौथा भाग केवळ वाचनाचा, ज्यात कला, इतिहास वा तत्त्वज्ञान यांवरील उतारे देऊन आकलन तपासले जाते. बहुतेक मेडिकल स्कूलचे अर्ज ‘एएमकॅस’ या सामाईक व्यवस्थेतून जातात. त्यातील आत्मनिवेदनाला ५,३०० अक्षरचिन्हांची मर्यादा असते आणि केलेल्या कामांच्या नोंदी जास्तीत जास्त पंधरा. चांगल्या पोस्ट-बॅकची खरी मदत येथे होते, कारण संस्थेची समिती उमेदवाराविषयी एकत्रित शिफारसपत्र लिहून देते. त्याला ‘कमिटी लेटर’ म्हणतात.

काळाचा हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. अठ्ठाविसाव्या वर्षी, २०२६च्या उन्हाळ्यात, एक वर्षाच्या प्रोग्राममध्ये गेलेली व्यक्ती २०२७च्या मे महिन्यात तो पूर्ण करते, त्याच उन्हाळ्यात मेडिकल स्कूलसाठी अर्ज करते, पुढचे वर्ष मुलाखतींत आणि एखाद्या नोकरीत घालवते, २०२८ साली मेडिकल स्कूलमध्ये बसते, २०३२ साली एम.डी. होते आणि किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील पगारी प्रशिक्षण, संपवून २०३५ साली, सदतिसाव्या वर्षी, स्वतंत्रपणे रुग्ण पाहू लागते. मधल्या मोकळ्या वर्षाला येथे ‘ग्लाइड इयर’ असे नाव आहे. काही पोस्ट-बॅक संस्थांचे ठरावीक मेडिकल स्कूलशी ‘लिंकेज’, म्हणजे आगाऊ करार, असतात आणि त्यांच्या अटी पाळणाऱ्या विद्यार्थ्याचे ते वर्ष वाचते.

महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांना हा मार्ग सारखा खुला नाही. येथेच जन्मलेली, घरच्यांच्या आग्रहाने संगणकशास्त्र घेतलेली आणि पंचविशीत वैद्यकाकडे वळणारी मुले नागरिक असल्याने त्यांच्यापुढे अडथळा फक्त अभ्यासाचा आणि पैशांचा असतो. मुंबई विद्यापीठाची बी.ई. घेऊन एच-वन-बी व्हिसावर आलेल्या अभियंत्याची गोष्ट वेगळी आहे : परदेशी कॉलेजातील गुण एएमकॅसच्या सरासरीत धरले जात नाहीत, पुष्कळ मेडिकल स्कूल अमेरिकेतील किंवा कॅनडातील कॉलेजशिक्षणाची अट घालतात, आणि परदेशी नागरिकांना घेणारी मेडिकल स्कूल मोजकीच आहेत, त्यातील काही तर चार वर्षांचे शुल्क आगाऊ ठेव म्हणून मागतात. एच-फोर व्हिसावर जोडीदारासोबत आलेल्या पदवीधर स्त्रियांना शिक्षण घेण्याची मुभा असते, त्यामुळे त्या पोस्ट-बॅकचे विषय पूर्ण करू शकतात. तथापि मेडिकल स्कूलच्या दारात त्याही परदेशी उमेदवारच गणल्या जातात. ग्रीन कार्ड मिळाल्यावर स्थिती पालटते, परंतु भारतीयांची त्यासाठीची रांग लांबलचक आहे. भारतातून एम.बी.बी.एस. होऊन येणाऱ्यांचा रस्ता याहून निराळा आहे. त्यांना अमेरिकी परवाना-परीक्षा देऊन थेट रेसिडेन्सीसाठी अर्ज करता येतो, पोस्ट-बॅकशी त्यांचा संबंध येत नाही.

पैशाची बाजू याहून कठोर आहे. खासगी पोस्ट-बॅकचे शुल्क चाळीस हजार डॉलरच्या आसपास किंवा पुढे जाते, खासगी मेडिकल स्कूलचे वार्षिक शुल्क साठ हजारांच्या वर असते, आणि या काळात पगार बंद असतो तो वेगळाच. २०२५ साली झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ‘ग्रॅड प्लस’ ही संघराज्य सरकारची कर्जयोजना बंद करून मेडिकल विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जावर वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरची मर्यादा घातली. म्हणजे ज्याच्या पाठीशी बचत किंवा सधन कुटुंब नाही, त्याला मोकळे दार दिसूनही आत पाऊल टाकणे अवघड होणार आहे. दुसरी संधी देणाऱ्या व्यवस्थेने तिचा भार पूर्णपणे व्यक्तीवर टाकला, की ती संधी हळूहळू सधनांपुरती उरते, हा या व्यवस्थेतील गंभीर दोष आहे.

उशिरा वैद्यकाकडे वळणाऱ्यांसाठी भारतातही काही बदलले आहे, आणि ते वसई-विरारच्या घरांपर्यंत पुरेसे पोचलेले दिसत नाही. नीट-यूजीची कमाल वयोमर्यादा २०२२ साली उठली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले, की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही ही परीक्षा देता येईल. म्हणजे पीसीएम घेऊन इंजिनीअर झालेल्या व्यक्तीसाठीही नियमाच्या पातळीवर दार बंद राहिलेले नाही. मंडळाच्या भाषेत ज्याला ‘तुरळक विषय’ घेऊन बसणे म्हणतात, ती सोय कोणत्या मंडळात, कोणत्या विषयासाठी आणि प्रात्यक्षिकासह मिळते, एवढी चौकशी आधी केली पाहिजे. पुढची अडचण अशी, की २०२४ साली नीटला २३ लाखांहून अधिक उमेदवार बसले, आणि तेथे ७२० गुणांच्या त्या एका पेपरात नोकरीची दहा वर्षे, आजाऱ्याची केलेली शुश्रूषा किंवा पिकलेली समज यांना एकही गुण नाही.

या दोन व्यवस्था शेजारी ठेवल्या, तर एकीचे खर्चाचे ओझे घेऊ नये आणि दुसरीने जी चौकशी सोडून दिली आहे ती मात्र स्वीकारावी, असा निष्कर्ष निघतो. डॉक्टर का व्हायचे, हा प्रश्न अमेरिकी अर्ज लेखी विचारतो आणि उत्तराला पुरावा मागतो. नीटचा अर्ज तो विचारत नाही, त्यामुळे सोळाव्या वर्षी ते उत्तर बहुधा आईवडीलच देऊन मोकळे होतात. विरारमधील मुलीने पीसीबीचा रकाना भरण्यापूर्वी, किंवा इंजिनीअरने राजीनामा लिहिण्यापूर्वी, ओळखीच्या डॉक्टरच्या परवानगीने काही रविवार दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीशी आणि ड्रेसिंगच्या टेबलापाशी घालवले, तर त्याला डॉलर लागत नाहीत. आनंदीबाईंच्या पत्राला बळ आले होते, ते सांगणाऱ्या बाईने स्त्री-डॉक्टरची गरज आपल्या अंगावर सोसली होती म्हणून. उशिरा निर्णय घेणाऱ्याजवळ असे काही असेल, तर त्याची गेलेली दहा वर्षे वाया गेली असे समजण्याचे कारण नाही.