कळतं, पण वळत नाही

एका खोक्यावर लाल होडी, दुसऱ्यावर निळा ससा; त्यांत लाल ससे आणि निळ्या होड्यांचे पत्ते रंगाप्रमाणे टाकणं तीन वर्षांच्या मुलाला सहज जमतं. मग नियम बदलतो: आता आकार पाहायचा. ससे कुठे जातात, असं विचारलं तर मूल अचूक बोट दाखवतं. हातातला लाल ससा मात्र पुन्हा लाल होडीच्याच खोक्यात टाकतं!

मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो यांची ही चाचणी मुलाला जुनी सवय रोखता येते का, हे पाहते. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना ते जमतं.

सवय रोखण्याच्या सरावासाठी ‘टूल्स ऑफ द माइंड’ या अभ्यासक्रमाच्या अमेरिकी बालवर्गांत जोडीने पुस्तक पाहताना एकाकडे ओठांचं चित्र असतं, दुसऱ्याकडे कानाचं. कानवाल्याने फक्त ऐकायचं. संशोधक अ‍ॅडेल डायमंड यांच्या २००७च्या अभ्यासात ही मुलं स्वतःला आवरण्यात सरस ठरली. नंतरच्या काही अभ्यासांत तसा फायदा दिसला नाही. तरी ‘गप्प बस’ म्हणून दटावण्यापेक्षा कानाचं चित्र केव्हाही बरं.